वेल्डिंगची सायकल, गिअरची सायकल

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे शाळेच्या इतिहासावर लेख मागितला होता. तो इतिहास या अंकात आमच्याहून ज्येष्ठ आणि जाणत्या मंडळींनी लिहिला आहे. आम्ही इतिहास हा विषय घेऊन एम. ए. झालो असलो, तरी ज्या घटनांत आपण स्वतः वावरलो त्यांचा इतिहास लिहिताना हात आखडतो. म्हणून आम्ही सायकलीविषयी लिहीत आहोत. आजवरच्या बहुतेक तुकड्यांनी आम्हांला सायकलीवरच पाहिले आहे, तेव्हा विषय अगदीच परका वाटू नये.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे जी पत्र्याची शेड आहे, तिच्यात आज आमच्या दोन सायकली आहेत. एक निळी, २१ गिअरची. २०१८ सालच्या मेळाव्यात दहावीच्या एका तुकडीने वर्गणी काढून ती आम्हांला दिली. दुसरी काळी, दांडीची, अॅटलास कंपनीची, आमच्या वडिलांची. ती आढ्याच्या पाइपाला टांगलेली असते. नवीन मुले तिच्याकडे पाहून विचारतात, 'सर, ही चालते का?' चालते. अडचण तिच्या चालण्याची नाही, थांबण्याची आहे.

साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असते. त्याच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेले छोटे खटके असतात. कारागीर त्यांना कुत्री म्हणतात. पायडल पुढे मारले की ही कुत्री आतले दाते पकडतात आणि चाक फिरते. पायडल थांबवले की ती दात्यांवरून घसरत राहतात, चाक आपल्या वेगाने धावते आणि ती ओळखीची टिकटिक ऐकू येते. कुत्री झिजली की पायडल पुढेही रिकामेच फिरू लागते, आणि मग नवे फ्रीव्हील घालावे लागते. वडिलांनी ते घातले नाही. जुन्यालाच वेल्डिंग मारून घेतले. तेव्हापासून त्या सायकलीचे पायडल आणि मागचे चाक एक झाले. चाक फिरते तोवर पायडल फिरते, आणि पायडल फिरते तोवर पाय. उतारावरही पायांना सुट्टी नाही.

सायकलीच्या इतिहासात हा प्रकार विचित्र नाही. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळजवळ सारख्या दोन चाकांची 'रोव्हर' सायकल काढली, तेव्हा तिचेही पायडल चाकाला असेच बांधलेले होते. फ्रीव्हील रूढ झाले ते एकोणिसावे शतक संपता संपता. धावपट्टीवरच्या शर्यतींच्या सायकली आजही बांधलेल्या चाकाच्याच असतात. पुण्याला नोकरीस असलेला आमचा एक विद्यार्थी शेडमधली काळी सायकल पाहून म्हणाला, 'सर, ही तर फिक्सी! आमच्याकडे लोक हौसेने जास्तीचे पैसे मोजून अशी घेतात.' वडील असते तर त्यांना याचे हसू आले असते. त्यांनी ती केली होती पैसे वाचवायला.

वडिलांविषयी थोडे सांगणे भाग आहे. आमचे गाव जेऊरच्या पलीकडे, इमामपूर घाटाच्या माथ्यावर. आजोबा गावची येसकरकी करत. तरुण वाचकांसाठी सांगतो, वतनाचे काम चोवीस तासांचे असे. सरकारी निरोप पोहोचवा, टपाल न्या, साहेबाच्या घोड्यापुढे धावा. आणि वतनदार जागेवर नसला, तर घरातला जो पुरुष हाती लागेल त्याला कामाला जुंपले जाई. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. डिसेंबर १९३९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात हरेगाव येथे वतनाच्या प्रश्नावर परिषद भरली, तिलाही ते आले होते. कनिष्ठ गाव-वतने नाहीशी करणारा कायदा मात्र १९५८ चा, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतरचा. आजोबांचे अर्धे आयुष्य त्या आधी चालण्यात आणि धावण्यात गेले होते. त्यांना सायकल कधीच आली नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर वडील भिंगारच्या लष्करी छावणीत मजूर म्हणून लागले आणि जाण्या-येण्यासाठी त्यांनी ही अॅटलास जुनी विकत घेतली. ती घेऊन ते पहिल्यांदा गावात आले, तेव्हा आजोबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, 'चावडीम्होरं उतरत जा.' वडिलांनी धम्मदीक्षा घेतलेली, घरात बाबासाहेबांची तसबीर लावलेली. तरीही वर्षभर ते चावडीसमोर उतरून सायकल हातात धरून चालत गेले. हे त्यांनी आम्हांला पुष्कळ उशिरा सांगितले, आणि सांगताना ते आमच्याकडे पाहत नव्हते.

मग फ्रीव्हील गेले. छावणीतल्या ओळखीच्या वेल्डरने ते पक्के करून दिले. त्या संध्याकाळी वडील चावडीपुढून न उतरता गेले. ओट्यावरून कोणीतरी हटकले, तेव्हा ते म्हणाले म्हणे, 'चाक बांधलंय दादा, मधीच थांबलं तर मी पडंल.' ही गोष्ट वडील दर खेपेस थोडी अधिक रंगवून सांगत. इतिहासाच्या शिक्षकाने ती दुसऱ्या पुराव्याशिवाय ग्राह्य धरू नये. पण पुढे नोकरी पक्की झाली, नवे फ्रीव्हील सहज परवडले असते, तरी त्यांनी ते घातले नाही, एवढे आम्ही स्वतः पाहिले आहे.

आम्ही सायकल शिकलो ती हीच. दांडीखालून पाय घालून, अर्धे-अर्धे पायडल मारत. वर आलेले पायडल आपली वाट पाहत नसे; नडगीवर बसे. डाव्या पायावर तो व्रण अजून आहे. अशा सायकलीवरून जे शिकावे लागते ते थोडक्यात असे. वळणावर पायडल थांबवून आतला पाय वर धरता येत नाही, म्हणून फार कलायचे नाही, नाहीतर पायडल जमिनीला लागते. खड्डा आला तर बैठकीवरून किंचित उठायचे, पण पाय चालू ठेवायचे. कुत्रे मागे लागले तर दोन्ही पाय हँडलवर घेण्याची सोय नाही. त्याच्या तोंडासमोर पाय फिरवत राहायचे. वेग कमी करायचा तर येणाऱ्या पायडलला पायाने हलका विरोध करायचा. हलकाच. कारण वेल्डिंग कितीही पक्के असले, तरी फ्रीव्हील चाकावर आट्यांनीच बसवलेले असते, आणि जोरात उलटा रेटा दिला तर ते आट्यांवरून उघडून येऊ शकते. म्हणून वडिलांनी दोन्ही ब्रेक कायम नीट ठेवले होते. ज्यांना हौसेने अशी सायकल करायची आहे त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

वर्षानुवर्षे असे केले की पाय शहाणे होतात. आपण विचार करण्याआधी ते करतात. आणि एक छुपा अभिमानही अंगात मुरतो, की आमचे पाय थांबत नाहीत. या अभिमानाकडे पुढे यायचे आहे.

निळी सायकल मिळाली तेव्हा आमची पंचेचाळिशी उलटली होती. फ्रान्सची प्रसिद्ध सायकल शर्यत १९०३ साली सुरू करणारे आँरी देग्रांज यांनी तिच्या आदल्या वर्षीच अशा अर्थाचे लिहून ठेवले होते की, बदलते गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसांसाठी असतात. आपल्या शर्यतीत आजच्यासारख्या गिअरना त्यांनी दीर्घकाळ शिरू दिले नाही. ते तेथे आले १९३७ साली. त्यांच्या हिशेबाने आम्ही पात्र ठरत होतो.

गिअरचे गणित मुलांना आवडते, म्हणून देतो. काळ्या सायकलीला पुढे ४४ दाते आहेत, मागे १८. पायडलची एक फेरी झाली की चाकाच्या सुमारे २.४ फेऱ्या होतात आणि सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. चढ असो, उतार असो, वारा समोरून असो, हिशेब तोच. निळ्या सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरला पुढे २४ आणि मागे २८ दाते लागतात. एका फेरीत ती जेमतेम पावणेदोन मीटर जाते. म्हणजे घाटात पायाला तिसऱ्या हिश्श्याइतकेच ओझे, आणि फेऱ्या तिप्पट. पहिल्या महिन्यात आम्ही घाट न उतरता, न ढकलता चढून गेलो, आणि वर पोहोचल्यावर आपण काहीतरी लबाडी केली आहे असे वाटत राहिले. ते वाटणे पुढे कमी झाले. दोन वर्षांत आम्ही गिअरवाले झालो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. वसतिगृह रिकामे झाले, मुले आपापल्या वस्त्यांवर गेली. ऑनलाइन वर्गाचे फर्मान निघाले, परंतु ज्यांच्या घरी मोबाइल होता त्यांच्याकडे रेंज नव्हती, आणि बहुतेकांकडे मोबाइलच नव्हता. आम्ही काही शिक्षकांनी हाताने लिहिलेल्या स्वाध्यायांच्या प्रती काढून मुलांच्या घरी पोहोचवायचे ठरवले. पहिल्या आठवड्यातच निळ्या सायकलीचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा मागचा भाग, दगडावर आपटून तुटला. नगरातली दुकाने बंद. उघडली तेव्हा तो भाग मिळेना. त्याच सुमारास, ३ जूनला, जागतिक सायकल दिनीच, अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी वाचली आणि त्याच संध्याकाळी आम्ही वडिलांची अॅटलास माळ्यावरून खाली काढली. टायर, ट्यूब बदलले, ब्रेकचे रबर बदलले. वेल्डिंग तसेच होते.

पहिले दोन दिवस मांड्या दुखल्या. तिसऱ्या दिवशी पायांना सगळे आठवले.

त्या वर्ष-दीड वर्षात आम्ही जितकी सायकल चालवली तितकी आयुष्यात कधी चालवली नव्हती. एरवी ट्रकांच्या रांगांनी भरलेला औरंगाबाद रस्ता (त्याचे आजचे नाव आम्हांला ठाऊक आहे, पण जिभेला वळण पडलेले आहे) सुरुवातीच्या महिन्यांत मोकळा पडलेला असे. इमामपूरचा घाट उतरताना दोन्ही ब्रेक दाबून धरले तरी ताशी वीस-बावीसचा वेग राही, म्हणजे पाय सेकंदाला एकाहून अधिक फेऱ्या मारत. ब्रेक थोडे सैल सोडले आणि वेग तिसावर गेला की मिनिटाला नव्वदच्या वर फेऱ्या. तेव्हा आपण सायकल चालवत नसतो, सायकल आपल्याला चालवत असते. घाटाखालच्या वस्त्या करून दुपारी वर यायचे, तेव्हा अर्धा घाट चालत. पण रोज. पाऊस असो की ऊन. कोणी म्हणाले, सर, एक दिवस आड केले तरी चालेल. आम्हांला ते पटत नसे.

आणि एक गोष्ट त्या सायकलीची अशी, की थांबणे महागात पडते. थांबायचे तर आधीपासून वेग मोडत आणायचा, नेमके पायडल वर असताना पाय टेकायचा, आणि निघताना पुन्हा ५.४ मीटरचे ते जड पहिले पायडल. म्हणून वस्तीवर गेलो की आम्ही एका कडेने जात असू. ओट्यापाशी सायकल मंद करायची, नाव घेऊन हाक मारायची, कागद द्यायचे, मागचे घ्यायचे, दोन वाक्ये रागाची किंवा शाबासकीची, की पुढे.

त्या वस्त्यांपैकी एकीवर नववीतला एक मुलगा होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. हा अंक त्याच्याही हाती पडणार आहे. गणितात बरा, अक्षर सुंदर, वसतिगृहात पाचवीपासून. जुलैपर्यंत त्याचे स्वाध्याय नियमित येत. ऑगस्टपासून तो घरी सापडेनासा झाला. त्याची आई ओट्यावर भेटे. कोरे कागद परत देई. आम्ही तिला बोलत असू, की मुलाचे वर्ष वाया चालले आहे, तुम्हांला कळत नाही का. ती शांतपणे म्हणे, 'बसा ना सर जरा. च्या ठेवते.' आम्ही म्हणत असू, 'पुढच्या खेपेला, ताई.' आमचा एक पाय पायडलवरच असे.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा घराला कडी आणि तारेचा पीळ होता. शेजाऱ्यांनी सांगितले की मुकादमाकडून उचल घेतलेली होती, श्रावणातच. सगळे कोयत्यावर गेले, पोरालाही नेले. श्रावणात. म्हणजे आम्ही ओट्यासमोर उभ्याउभ्या त्या बाईला रागावत होतो तेव्हा व्यवहार होऊन गेलेला होता, आणि ती चहाच्या निमित्ताने आम्हांला बहुधा तेच सांगू पाहत होती. पुढच्या वस्तीवर जाताना आमचे पाय नेहमीसारखेच चालत राहिले. त्यांना थांबवता येत नव्हते, हे खरे; आणि आम्हांला थांबायचे नव्हते, हेही खरे.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा पुन्हा उघडल्या. त्याआधी आठवडाभर निळ्या सायकलीला नवा डिरेलर बसला होता. आम्हांला वाटले, दोन वर्षे चालवलेली सायकल आहे, बसले की झाले. तसे झाले नाही.

पहिला प्रसंग फाटकातला. मुले रांगेत उभी, कित्येक महिन्यांनी परतलेली. आम्ही ऐटीत येत होतो. फाटकाजवळ पायांनी सवयीने येणाऱ्या पायडलला मागे रेटले. काळ्या सायकलीवर तेथे चाकाचा भक्कम विरोध लागला असता. येथे पायडल उलटे, रिकामे फिरले. जिन्याची शेवटची पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि पायरी नसावी, तसे. त्या दचक्यात हातांनी जुन्या सळईच्या ब्रेकांना लागणारी ताकद लावली. निळीच्या ब्रेकांना तिचा चौथा हिस्सा पुरतो. पुढचे चाक जागीच अडले आणि आम्ही हँडलवरून मुलांच्या रांगेसमोर उतरलो. उतरलो हा शब्द आम्ही सौजन्याने वापरत आहोत. मुले आधी घाबरली, मग हसली. दीड वर्षाने शाळेत हसू आले, म्हणून आम्ही कोपराचे खरचटणे जमा धरले.

नंतरचे दोन महिने पायांना समजावण्यात गेले. गिअर बदलताना पायडल फिरत राहिले पाहिजे, पण पायाचा जोर त्या क्षणी कमी करावा लागतो. चेन सैलसर असेल तरच ती शेजारच्या चक्रावर जाते. आमचे पाय भर जोरात असतानाच आम्ही खटका दाबत असू आणि मागून कडाड असा आवाज येई, की आता डिरेलर पुन्हा गेला. चढ लागला की गिअर हलका करण्याऐवजी बैठकीवरून उठून अंगाचा भार टाकू लागलो. वर पोहोचल्यावर ध्यानात यायचे की आपल्याकडे २१ गिअर होते. उभ्या सायकलीत गिअर बदलायचा, चेन उतरायची, हात काळे करून वर्गात जायचे. फळ्यावर पानिपतच्या शेजारी ग्रीसचा अंगठा उमटलेला एका तुकडीने पाहिला आहे.

सर्वांत अवघड गेला तो उतार. घाटात निळी सायकल वेगाने सुटली की पाय थांबवायचे, दोन्ही पायडल आडवी समान धरायची आणि नुसते बसायचे. हे आम्हांला जमत नव्हते. पाय आपोआप फिरत राहत, रिकामे. त्यांच्या फिरण्याने सायकलीला काडीचाही फायदा नव्हता. मुद्दाम थांबवले की छातीत धडधड सुरू व्हायची, जणू थांबलेल्या पायांमुळे खाली काहीतरी तुटणार आहे. वडिलांचे, आजोबांचे पाय मनात येत. घरात बसून भाकरी खाताना अपराधी वाटावे तसे त्या उतारावर वाटे.

महावग्गात सोण कोळिविसांची कथा आहे. सुखात वाढलेला तरुण, भिक्खू झाल्यावर चंक्रमण करून करून पायांतून रक्त काढतो आणि तरीही मनाला शांती नाही म्हणून खचतो. भगवान त्याला त्याच्या वीणेविषयी विचारतात. ही कथा आम्ही वर्गात आणि वंदनेनंतर पुष्कळदा सांगितली आहे. सांगताना तारांवर थांबत असू आणि रक्ताळलेल्या पायांवरून घाईने पुढे जात असू. त्या हिवाळ्यात घाटात ते पाय डोळ्यांसमोर आले. सोणांचे पाय सुखवस्तू घरातले होते, आमचे तसे नव्हते, म्हणून दृष्टांत आम्हांला लागू नाही, असा वादही आम्ही मनाशी करून पाहिला. तो वाद अजून मिटलेला नाही.

पाय हळूहळू थांबायला शिकले. आधी दहा मोजेपर्यंत. मग एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत.

एप्रिल २०२२ मध्ये आम्ही त्या वस्तीकडे उतरत होतो. टोळ्या परतल्या होत्या. पाय थांबलेले, सायकल आपल्या वेगाने चाललेली, मागे टिकटिक. तो मुलगा ओट्यावर होता, अंगाने वाढलेला, हातांना कोयत्याचे घट्टे. तो पळाला नाही. आम्ही उतरलो, सायकल स्टँडवर लावली आणि ओट्यावर बसलो. आईने चहा ठेवला. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग तो म्हणाला, 'सर, वसतिगृहात तुम्ही अभ्यासाच्या तासाला यायचा ना, तेव्हा ह्या सायकलीची टिकटिक लांबून यायची. ती ऐकली की आम्ही पुस्तकं उघडायचो. काळ्या सायकलीवर तुम्ही आलेले कळायचंच नाही. म्हणून मी सकाळीच बाजरीत जाऊन बसायचो.' आणि थोडे थांबून, 'बाजरीतून तुम्ही दिसायचा. पाय लई फिरायचे तुमचे.'

त्या दिवशी आम्ही दोन तास बसलो. उचल किती घेतली होती, किती फिटली, बहिणीचे लग्न, मुकादमाकडचे हिशेब, सगळे त्याच्या आईने सांगितले. आम्ही काहीही उपदेश केला नाही. करण्यासारखा सुचलाही नाही. निघताना त्यानेच विचारले की बाहेरून दहावीला बसता येते का. १७ नंबरचा फॉर्म त्याने पुढच्या हंगामानंतर भरला. मधल्या काळात आम्ही महिन्यातून एकदा जात असू, कधी दोनदा. त्याला कळावे म्हणून वस्तीच्या अलीकडच्या उतारावर पाय थांबवत असू. मार्च २०२४ च्या परीक्षेत गणित राहिले, ज्यात तो बरा होता तेच. जुलैच्या पुरवणीत तेही सुटले. सध्या तो नगरला आयटीआयमध्ये आहे आणि आईवडील अजूनही कोयत्यावर जातात.

काळी सायकल आम्ही माळ्यावर परत ठेवली नाही, शाळेत आणली. सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, वेल्डिंग कापून नवे फ्रीव्हील घालून देतो, फार खर्च नाही. आम्ही दोनदा हो म्हणालो आणि दोनदा नाही. घरच्यांचे म्हणणे, वडिलांची वस्तू आहे तशी ठेवा. आमचा धाकटा मुलगा म्हणतो, चालवायची नसेल तर वस्तू कशाला. निर्णय झालेला नाही.

मेळाव्याला येणाऱ्यांपैकी ज्यांना ती चालवून पाहायची असेल त्यांनी शेडची किल्ली स्वयंपाकघरातून घ्यावी. मैदानावरच चालवावी, रस्त्यावर नेऊ नये. पॅन्टचा उजवा पाय मोज्यात खोचावा, चेन उघडी आहे. ब्रेक दोन्ही चांगले आहेत, ते आधीपासून दाबत आणावेत. वळणावर फार कलू नये. आणि काही झाले तरी, चाक पूर्ण थांबेपर्यंत, पायडलवरून पाय उचलू नयेत.